नाव न घेता केलेली प्रार्थना

३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुला सलाम, मावशीलाही सलाम. फोन तू उचलत नाहीस, आणि मावशी दर वेळी सांगते की ती झोपली आहे. सकाळी विचारलं तरी झोपली, चहाच्या वेळी विचारलं तरी झोपली. तीन वर्षं मी तुला वॉर्डात पाहते आहे. सलग रात्रपाळ्या करूनही तू एवढी झोपल्याचं मला आठवत नाही. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्र उशाशी पडून राहतं आणि कधीतरी माणूस ते उघडतं.

शनिवारी सकाळी तू कुणाला न सांगता बॅग उचलून गेलीस. आदल्या दिवशी वसतिगृहाच्या फाटकाशी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण ऐकलं, कारण ऐकवायला सगळ्याच तयार होत्या. दवाखान्यातली ती बाई आली, तिनं तुला खाली बोलावलं आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाली की मी विश्वासानं तुझा हात धरला आणि तू ते माझ्या सासूच्या कानावर घातलंस. तू म्हणे एक शब्द बोलली नाहीस. एरवी माझ्या तासाला प्रत्येक वाक्यावर हरकत घेणारी तू, आणि त्या दिवशी मूग गिळून उभी राहिलीस. हे काही मला पटलं नाही.

मुलींना मी काही सांगितलेलं नाही. मला माहीत आहे तेही तू त्या गुरुवारी माझ्या खोलीत सांगितलंस तेवढंच. मोठ्या दवाखान्यात तुमची पाळी होती. ती बाई गर्भ काढून घ्यायला आली होती. आपल्या नर्सिंगच्या शाळेचा नियम असा की ज्या मुलीचं मन मानत नाही तिला अशा वेळी खोलीबाहेर जाता येतं, आणि तुझ्या वर्गातली लांबडी गेली. तूही निघाली होतीस. तेवढ्यात ती बाई म्हणाली, कुणीतरी थांबा. तू थांबलीस आणि सगळं होईपर्यंत तिचा हात धरून उभी राहिलीस. मग माझ्याकडे येऊन तू विचारलंस, "बाई, मी पाप केलं का?" मी काय म्हणाले ते आठव. मी म्हणाले, "नाही. तिला एकटीला टाकून आली असतीस तर मी तुला जाब विचारला असता." तुला मी चहा करून दिला होता. त्यात मी साखर घालायला विसरले, आणि तू ते न बोलता प्यायलीस.

आता ते बाहेर कसं फुटलं, हा प्रश्न आहे. दवाखान्याच्या भिंतींनाही कान असतात, आणि लांबडीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीतच आहे. मी काही म्हणत नाही. पण त्या दिवशी तुझ्याबरोबर तीच होती.

चार मार्चला प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होते. तुझा गणवेश धुऊन, इस्त्री करून दाराच्या मागे अडकवला आहे. लोक दोन दिवस बोलतात आणि मग त्यांना दुसरं काही मिळतं. ये.

तुझी,
बाई

६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आज आपला शुक्रवारचा तास होता. तू नाहीस म्हणून कमी गडबड होईल असं मला वाटलं होतं, पण आज खुर्च्या कमी पडल्या. एरवी ज्या मुलींना रविवारच्या उपासनेलाही हाताला धरून न्यावं लागतं, त्याही आल्या होत्या.

आजवर त्या खोलीत आपण काय काय बोललो. दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न करावं का, मैत्रिणीच्या घरी त्यांच्या देवापुढे हात जोडले तर चालतं का, मरायला टेकलेल्या माणसाला 'तुम्ही बरे व्हाल' असं खोटं सांगावं का. कुणी काही विचारलं तरी मी खडू घेऊन फळ्यावर लिहायची, मुलींना दोन बाजूंना बसवायची आणि अर्ध्या तासानं बाजू बदलायला लावायची. तुला त्याचा किती राग यायचा. तू म्हणायचीस, मला जे पटत नाही त्याच्या बाजूनं मी का भांडू? आणि मग अशी भांडायचीस की पलीकडच्या मुली पाणी मागायच्या.

आज मी फळ्यावर लिहिलं, 'रुग्णाची गोष्ट किती जणांना सांगता येते?' मला वाटलं होतं, मुली नियम सांगतील, मी समजावीन आणि विषय थंड होईल. पण बोलता बोलता सगळ्या लांबडीकडे बघायला लागल्या. कुणी तिचं नाव घेतलं नाही. ती म्हणाली, "मी तर बाहेर होते." त्यावर एकजण हसली. लांबडी उठली आणि निघून गेली. एवढी उंच मुलगी, जाताना दाराच्या चौकटीवर तिचं डोकं आपटलं, आणि त्यावर आणखी दोघी हसल्या. मी त्यांना रागावले. मग प्रार्थना करून तास संपवला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, नीट वाच. ती बाई ज्यांची सून आहे त्या म्हणजे आपल्या चर्चच्या महिला मंडळाच्या खजिनदारबाई. त्यांनी पाळकसाहेबांकडे तक्रार केली आहे की मंडळीच्या वसतिगृहात राहणारी मुलगी असल्या कामाला हातभार लावते. वीस तारखेला चर्चच्या पंचांची बैठक आहे. त्यांनी तुझी खोली काढून घेतली तर तू परीक्षेला बसू शकत नाहीस, कारण परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहात राहणं सक्तीचं आहे. तीन वर्षांचं सगळं पाण्यात जाईल.

मी विचार केला. तू पंचांना चार ओळी लिही. लिही की मी गोंधळले होते, बाहेर जायला हवं होतं, माफ करा. पाळकसाहेब मनानं वाईट नाहीत. त्यांना कागदावर काहीतरी लागतं, म्हणजे ते बाकीच्यांना दाखवतील आणि प्रकरण मिटेल. मी मजकूर करून पाठवू का? तू फक्त सही कर.

तू म्हणशील, बाई, तुम्हीच तर म्हणाला होतात मी चुकले नाही म्हणून. हो, म्हणाले होते. पण खोलीत बोलायचं वेगळं असतं, पंचांपुढे बोलायचं वेगळं.

मावशीला विचार, पत्रं पोचतात का.

बाई

११ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. ते मी दुपारपासून पर्समध्ये ठेवून फिरते आहे, जसं काही घरात ठेवलं तर कुणी वाचेल.

तू लिहिलं आहेस की तू माफी मागणार नाहीस. लिहिलं आहेस की लांबडी बाहेर होती आणि तिला त्या बाईबद्दल काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि शेवटी लिहिलं आहेस, 'त्यांना दोन मुलं आहेत आणि सासूला पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं आहे, हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. बाई, तुम्हाला सांगणं म्हणजे कुणालाच न सांगणं, असं मला वाटलं होतं.'

तेव्हा आता लपवाछपवी पुरे.

आपल्या महिलांची बुधवारची प्रार्थना तू कधी पाहिली नाहीस. पंधरा-सोळा बायका गोल करून बसतो आणि एकीनंतर एक प्रार्थना करत जातो. एकीचा गुडघा, दुसरीच्या मुलाची नोकरी, तिसरीच्या नवऱ्याचं पिणं. पिणं असं कुणी म्हणत नाही, 'प्रभू, घरातली अडचण तू जाणतोस' असं म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. माझी पाळी येते तेव्हा बायका जरा सावरून बसतात, कारण मी तरुण मुलींमध्ये काम करते, माझ्याकडे मोठे विषय असतात. मला ते आवडतं. अजूनही आवडतं.

त्या बुधवारी माझी पाळी आली आणि मी म्हणाले, प्रभू, आमच्या एका विद्यार्थिनीला क्षमा कर. मी नाव घेतलं नाही. मी म्हणाले की सासूपासून लपवून आलेल्या दोन लेकरांच्या आईचा हात धरून ती उभी राहिली, तिला त्या वेळी योग्य वाट दिसली नाही, तू तिला दाखव. बायका हळहळल्या. शेजारच्या पाळकबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. समोर खजिनदारबाई बसल्या होत्या. त्यांची सून आदल्याच आठवड्यात पोटाच्या ऑपरेशनला जाऊन आली होती. त्या मोठ्यानं आमेन म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं.

मी नाव घेतलं नाही, हे मी पंधरा दिवस स्वतःला सांगते आहे. खरंच घेतलं नव्हतं. तुझंही नाही, तिचंही नाही.

आणि गंमत बघ, आमच्यात कुणी म्हणत नाही की अमकीनं सांगितलं. आम्ही म्हणतो, 'प्रार्थनेत आलं.' पावसासारखं ते आपोआप येतं, कुणाच्या तोंडातून पडलं ते कुणी विचारत नाही. म्हणून खजिनदारबाईंनी घरी जाऊन सुनेला माझं नाव सांगितलं नाही. तुझा हात धरणारी ती पोर बोलली, एवढंच म्हणाल्या. त्यावरून ती बाई फाटकाशी आली.

तुला राग कशाचा जास्त आला असेल, याचा मी विचार करते आहे. फुटलं त्याचा, की मी तुझ्यासाठी क्षमा मागितली त्याचा? तुला खोलीत सांगितलं की तू चुकली नाहीस, आणि सहा दिवसांनी देवाला सांगितलं की ती चुकली. या दोन्हींतलं खरं कुठलं, असं तू विचारलं नाहीस. मला ते विचारायलाही तू आता येणार नाहीस, अशी भीती वाटते.

लांबडीशी मी आज बोलले. 'बोलणारी तू नव्हतीस, मला माहीत आहे,' एवढंच तिला म्हणू शकले. मला कसं माहीत, ते तिनं विचारलं. मला कामाचं निमित्त काढून तिथून जावं लागलं.

तू एकच गोष्ट मागितली आहेस. त्या बाईला जाऊन सांगा की मी गावभर केलं नाही. मी जाईन.

बाई

१७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पहिल्यांदा गेले ती अशीच परत आले. ती बाई झेरॉक्सच्या दुकानात काम करते, कचेरीच्या रस्त्याला, पायऱ्या उतरून खाली. मी काउंटरशी उभी राहिले. तिनं मान वर न करता हात पुढे केला. माझ्या पिशवीत पहिल्या वर्षाच्या मुलींची प्रश्नपत्रिका होती, ती मी तिच्या हातात दिली. तिनं विचारलं, "किती?" मी म्हणाले, "चाळीस." यंत्र चालू झालं, तिनं गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, मी पैसे दिले आणि घरी आले. पहिल्या वर्षात मुली अठ्ठावीस आहेत.

आमचे हे बाहेर बसले होते. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी नवी साडी नेसून गेली होतीस?" बारा जादा प्रश्नपत्रिका आता किराण्याची यादी करायला होतील, असंही म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. मग त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. स्वतःच्या घरात तसलं मोठ्यानं बोलताना किती लाज वाटते ते काल कळलं. ऐकून ते म्हणाले, "उद्या परत जा. साडी कुठलीही नेस."

आज गेले. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी सांगितलं की मी नर्सिंगच्या शाळेत शिकवते, आणि तुमची गोष्ट प्रार्थनेत मी बोलले. त्या मुलीनं फक्त मला विचारलं होतं, आपण बरोबर केलं का म्हणून, दुसऱ्या कुणाजवळ ती बोलली नाही. तुमचं नाव तिनं मलाही सांगितलं नव्हतं. का आलात तेही नव्हतं सांगितलं. मी विचारलं होतं, तर म्हणाली होती की बाई, ते त्यांचं आहे.

ती बाई यंत्राचं झाकण पुसत राहिली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली की नवऱ्याला सगळं माहीत होतं, दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, फक्त सासूबाईंना सांगायचं नव्हतं. आता सासूबाई तिच्याशी बोलत नाहीत. पण रोज संध्याकाळी शेजारच्या खोलीत बसून तिच्यासाठी प्रार्थना करतात, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मोठा मुलगा विचारतो, आई, तू काय केलंस?

 मी म्हणाले, "मी तुमच्यासाठी..." आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, कारण तिनं हात वर केला होता.

"नको," ती म्हणाली. "तेवढं करू नका."

मी मान डोलावली. मग ती तुझ्याबद्दल बोलली. म्हणाली, "त्या पोरीला मी चारचौघांत नको ते बोलले. ती गप्प उभी राहिली तेव्हा मला वाटलं, हिला लाज वाटते आहे. ती मला सांभाळत होती ना? तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना सगळं कळलं असतं." मी हो म्हणाले. मलाही ते तिथेच, त्या काउंटरशी उभी असताना कळलं, आणि पहिल्या पत्रात मी तुला मूग गिळल्याबद्दल बोल लावला होता.

तिनं तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. म्हटलं, तिला विचारून देते. तू सांग.

बाई

२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

काल पंचांची बैठक झाली. पाळकसाहेब, चार पंच, वसतिगृहाच्या मेट्रन आणि मी. दोन पंच वेळेवर आले, दोघे पंख्याखालची जागा कुणाची यावर थोडा वेळ घालवून बसले. खजिनदारबाईंना आत बोलावलं नव्हतं, पण त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या आणि दार उघडं ठेवायला कुणाची हरकत नव्हती.

पाळकसाहेबांनी विचारलं की मुलीचं माफीपत्र आलं का. मी म्हणाले, येणार नाही. मग मी उभी राहिले.  मी सांगितलं की ती माझ्याकडे आली होती आणि मीच तिला म्हणाले होते की तू चुकली नाहीस. त्या खोलीत काय होत होतं त्याबद्दल आपल्यात दोन मतं असतील, माझ्या स्वतःच्या मनातही आहेत. पण घाबरलेल्या माणसानं थांब म्हटल्यावर थांबणं, याबद्दल माझ्या मनात दोन मतं नाहीत. तेव्हाही नव्हती.

पाळकसाहेब चष्मा काढून पुसत होते. ते म्हणाले, "बाई, मला एक समजत नाही. मग बुधवारी तुम्ही तिच्यासाठी क्षमा कशाची मागत होतात?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रस्त्यानं येताना मी तीन-चार उत्तरं तयार केली होती, चांगली, शास्त्राला धरून. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, "तिथं बसलेल्या बायकांना मी आवडावी म्हणून."

 बाहेरच्या बाकाचा आवाज झाला, म्हणजे खजिनदारबाई उठून गेल्या असाव्यात किंवा जवळ आल्या असाव्यात. एक पंच म्हणाले की माणसांना आवडावं म्हणून देवापुढे बोललेलं आधी कधी ऐकलं नव्हतं. मेट्रन, ज्या कधी माझ्या बाजूनं बोलत नाहीत, म्हणाल्या, "ऐकलं आहे, फक्त कुणी कबूल केलेलं नाही."

मग दोन तास वाद. मी तुला सगळं सांगत बसत नाही. एक पंच म्हणत होते की खोली काढून घ्या, नाहीतर उद्या दुसऱ्या मुली काय शिकतील. पाळकसाहेब शेवटी म्हणाले की प्रार्थनेत ऐकलेल्या गोष्टीवरून मी मुलीला रस्त्यावर काढणार नाही, मग उद्यापासून या मंडळीत कुणी प्रार्थनाच करणार नाही. तुझी खोली राहिली. पंच तुझ्यावर खूश नाहीत, तशी आशाही धरू नकोस. पण खोली राहिली, आणि चार तारखेला तुला कुणी अडवू शकत नाही.

शुक्रवारचा तास माझ्याकडून काढून घेतला. मुलींनी ज्या माणसापाशी मन मोकळं करायचं त्याच्यावर भरवसा हवा, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि मला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही. पुढच्या शुक्रवारपासून ते स्वतः येतील. शरीररचना मी शिकवत राहीनच, हाडं कुणाला काही सांगत नाहीत.

घरी आल्यावर मी रडले. तास गेल्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू. तुझी खोली वाचली त्याचा आनंद त्याच्या मागून आला, आधी नाही.

लांबडीलाही सगळं सांगितलं. ती ऐकून घेते आणि 'बरं' म्हणते.

बाई

२७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं. 'पत्ता द्या' एवढंच लिहिलं आहेस, ते काम मी लगेच केलं. त्या बाईनं कागद घडी करून कमरेला खोचला. तिची सासू अजून भिंतीपलीकडे प्रार्थना करते, पण आता मुलाला आईनं स्वतः सगळं सांगितलं आहे, त्याच्या वयाला समजेल तेवढं. तो म्हणाला, मग आजी एवढं मोठ्यानं का बोलते? याहून जास्त ती बाई मला बोलली नाही.

तू येणार की नाही ते मात्र कार्डावर नाही. म्हणून आज जे झालं ते सांगते, आणि मग तू ठरव.

आज पाळकसाहेबांचा पहिला शुक्रवार. त्यांनी विषय आणला होता, तरुणांनी वेळेचा सदुपयोग कसा करावा. मुलींनी तो ऐकून घेतला आणि लांबडी उठून म्हणाली की आम्हाला आधी दुसरा प्रश्न सोडवायचा आहे. तिनं फळ्यावर लिहिलं, 'बाईंना या खोलीत परत येऊ द्यायचं का?' पाळकसाहेबांनी मला बोलावणं पाठवलं, कारण माझ्यामागे माझ्याबद्दल बोलणं त्यांना बरं वाटेना. मी गेले तर लांबडी दारात उभी होती. "तुम्ही व्हरांड्यात बसा, बाई," ती म्हणाली. माझ्याशी ती तीन वर्षांत इतक्या सरळ आवाजात कधी बोलली नव्हती.

मी बसले. त्यांनी दार लावून घेतलं. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मी कान लावायला उठले होते, हे तुला सांगते. दोन पावलं गेलेही. मग परत येऊन बसले आणि खालच्या अंगणातल्या चादरी बघत राहिले.

पुष्कळ वेळानं लांबडी एकटी बाहेर आली. म्हणाली, "आमचं ठरत नाही. अर्ध्या जणी म्हणतात की बाईंनी सगळ्यांपुढे कबूल केलं, आणखी काय करायचं माणसानं. अर्ध्या म्हणतात, उद्या आमचं काही असलं तर आम्ही कुणाकडे जायचं?"

मी विचारलं, "आणि तू?"

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि तुम्ही खडू घेऊन उभ्या होतात. तुम्हाला माहीत होतं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.  मग ती म्हणाली की आत एक गोष्ट मात्र ठरली आहे. ज्यांचं नुकसान झालं नाही त्यांनी क्षमा वाटत बसायचं नाही. भिंगरी आल्याशिवाय हा प्रश्न मिटवायचा नाही, आणि तोवर बाई बाहेर.

इतकी वर्षं मी त्यांना अवघड प्रश्न कसे सोडवायचे ते शिकवलं, आणि आज पहिल्यांदा मला वाटलं की त्यांना ते येतं. ते माझ्यामुळे येतं की माझ्याशिवाय, ते मला सांगता येणार नाही.

तर भिंगरी, परीक्षेला ये. तो तुझा हक्क आहे, त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. स्टेशनवर लांबडी येईल, तिनं तसं मावशीला कळवलं आहे. मी येणार नाही, तू बोलावल्याशिवाय तुझ्या खोलीकडेही फिरकणार नाही. परीक्षा झाली की येणाऱ्या शुक्रवारी तू त्या खोलीत जा आणि माझ्याविरुद्ध जे काही बोलायचं आहे ते सगळं बोल. माझं वय बघू नकोस, मी रडले ते बघू नकोस, हे पत्रही विसर. दार लावून घ्या. त्या दिवशी मी व्हरांड्यात बसणार नाही, घरी असेन. तुम्ही काय ठरवलंत ते मला कळवायचं की नाही, तेही तूच ठरव.

बाई